वर्गाबाहेरचे शिक्षण : कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळांतील विद्यार्थी मंडळे व करमणूक

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक आहे. त्यांतील शाळकरी वयाच्या मुलांपैकी अनेकांना, विशेषतः खेड्यापाड्यांतील मुलांना, शिक्षणासाठी घर सोडून निवासी शाळेत राहावे लागते. महाराष्ट्रातील अशा बहुसंख्य शाळा स्वयंसेवी संस्था चालवितात आणि त्यांस शासनाचे अनुदान मिळते. शाळा-तपासणीच्या वेळी वर्गातील उपस्थिती, परीक्षांचे निकाल, श्रवणयंत्रांची स्थिती, स्वयंपाकघराची स्वच्छता या बाबी काळजीपूर्वक पाहिल्या जातात आणि ते योग्यही आहे. तथापि निवासी शाळेतील मुलाच्या दिवसाचे चोवीस तास असतात आणि त्यांपैकी पाच-सहा तासच वर्गात जातात. उरलेल्या वेळातील झोप, जेवण व आन्हिके वगळली, तरी चार-पाच तास शिल्लक राहतात. हे तास मुले कशी घालवितात, याची नोंद सहसा कोणत्याही रजिस्टरात सापडत नाही.

ऐकू येणाऱ्या मुलाच्या बाबतीत या रिकाम्या वेळाकडे थोडे दुर्लक्ष झाले तरी फारसे बिघडत नाही. घरातील गप्पा, रस्त्यावरील भांडणे, आकाशवाणीवरील गाणी, आजीच्या गोष्टी यांतून त्याच्या कानांवर भाषा सतत पडत असते. कर्णबधिर मुलाची स्थिती वेगळी असते. त्याच्यासाठी संध्याकाळचे मैदान, वसतिगृहाचा ओटा आणि छंदमंडळाची बैठक हीच भाषा शिकण्याची, मैत्री जोडण्याची आणि चारचौघांत वागण्याची शाळा असते. म्हणून या शाळांतील विद्यार्थी मंडळे व करमणूक हा विषय केवळ वेळ घालविण्याचा राहत नाही. तो शिक्षणाच्या गाभ्याशी येऊन पोहोचतो.

भाषेचा उपवास

जन्मतः किंवा अगदी लहानपणी ऐकू न येणाऱ्या दहा मुलांपैकी नऊंहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. आपल्या मुलाशी कसे बोलावे, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. ‘जेव’, ‘झोप’, ‘इकडे ये’, ‘नको’ एवढ्या घरगुती खुणांवर वर्षानुवर्षे भागविले जाते. भाषा सहजतेने अंगवळणी पडण्याचा काळ म्हणजे आयुष्याची पहिली पाच-सहा वर्षे होत. ती अशीच निघून गेली, तर मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे नाव, नात्यांची नावे, काल आणि उद्या यांतील फरक, किंवा मनातील भीती सांगण्याचे साधनही नसते. बुद्धीने ते कोठेही कमी नसते. त्याची उपासमार झालेली असते ती भाषेची.

असे मूल निवासी शाळेत येते आणि प्रथमच आपल्यासारखी मुले पाहते. पहिल्या काही दिवसांतच मोठी मुले त्याला एक खूण-नाव देतात. गालावरचा तीळ, कुरळे केस, हसण्याची लकब असे काही तरी वैशिष्ट्य पाहून हे नाव ठरते आणि ते बहुधा जन्मभर टिकते. शिक्षकाने वर्गात शिकविण्याआधी शेजारच्या खाटेवरील मुलाने त्याला ‘आई’, ‘गाव’, ‘पाऊस’, ‘आठवण’ यांच्या खुणा शिकविलेल्या असतात. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या गुरूचे नाव क्वचितच येते, परंतु त्याचे काम मोठे असते.

मैदानावर घडलेली भाषा

या म्हणण्याला भक्कम पुरावा देणारे उदाहरण मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या लहानशा देशाचे आहे. १९७७ साली त्या देशाच्या राजधानीत, मानाग्वा येथे, विशेष शिक्षणाचे एक केंद्र सुरू झाले. प्रारंभी त्यात सुमारे ५० कर्णबधिर मुले होती. १९८० साली किशोरवयीन मुलांसाठी व्यवसाय-शिक्षणाची शाळा निघाली आणि १९८३ पर्यंत दोन्ही ठिकाणी मिळून ४०० हून अधिक विद्यार्थी एकत्र आले. वर्गात भर होता तो स्पॅनिश भाषा बोलण्यावर आणि ओठ पाहून शब्द ओळखण्यावर. त्यात फारसे यश येत नव्हते. मात्र मैदानावर, रस्त्यात आणि शाळेच्या बसमध्ये मुले एकमेकांशी आपापल्या घरगुती खुणांनी बोलू लागली. त्या खुणा एकमेकींत मिसळल्या, त्यांना नियम आले. नव्याने आलेल्या लहान मुलांनी त्या उचलल्या आणि अधिक सफाईदार केल्या. १९८६ साली अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ज्यूडी केगल यांना तेथे पाचारण करण्यात आले, तेव्हा त्यांना दिसून आले, की मुलांनी स्वतःचे व्याकरण असलेली एक नवी भाषाच निर्माण केली आहे. आज ती निकाराग्वाची सांकेतिक भाषा म्हणून जगभर अभ्यासली जाते. ही भाषा कोणी शिकविली नव्हती. मुले एकत्र आली आणि त्यांना मोकळा वेळ मिळाला, एवढ्यावरच ती उभी राहिली.

इतिहासात मागे गेल्यासही हेच आढळते. पॅरिस येथील कर्णबधिरांच्या शाळेचे संस्थापक आबे द लेपे यांच्या जन्मदिनानिमित्त १८३४ पासून कर्णबधिर मंडळी दरवर्षी एकत्र भोजनास जमू लागली. या उपक्रमाचे पुढारी फर्दिनां बर्थिए हे त्याच शाळेचे विद्यार्थी व पुढे शिक्षक होते. या स्नेहभोजनांतूनच १८३८ साली कर्णबधिरांची संघटना उभी राहिली. अमेरिकेतील निवासी शाळांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विद्यार्थी छपाईचे काम शिकत आणि शाळेचे लहानसे वृत्तपत्र चालवीत. ही पत्रे एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जात. त्यांतून दूरदूरच्या कर्णबधिरांमध्ये विचारविनिमय होऊ लागला आणि छपाई हा कित्येकांच्या चरितार्थाचा धंदाही झाला.

आपल्या देशातील कर्णबधिरांची पहिली शाळा १८८५ साली मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने निघाली. पुढील दशकात कोलकाता आणि तमिळनाडूतील पालयमकोट्टई येथे शाळा सुरू झाल्या. त्याआधीच, १८८० साली, इटलीतील मिलान येथे भरलेल्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा वर्ज्य करून केवळ मौखिक पद्धतीने शिकवावे, असा ठराव केला होता. त्याचा प्रभाव जगभरातील शाळांवर शंभर वर्षे टिकला. आपल्याकडेही वर्गांत दीर्घकाळ मौखिक पद्धतीवरच भर राहिला. तरीही खुणांची भाषा नष्ट झाली नाही, कारण ती वसतिगृहात, मैदानावर आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत जिवंत राहिली. २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरलेल्या याच विषयाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानच्या ठरावांचा त्याग केला व त्यांच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त केला.

कोणती मंडळे चालवावीत?

छंदमंडळ म्हटले, की खर्चाची व सामग्रीची काळजी आधी पुढे येते. वस्तुतः पुढील मंडळांपैकी बहुतेक मंडळे अगदी अल्प खर्चात चालू शकतात.

पहिले कथामंडळ. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांनी अर्धवर्तुळात बसावे आणि एकेकाने पुढे येऊन खुणांच्या भाषेत गोष्ट सांगावी. गावच्या जत्रेची हकीकत, पाहिलेला चित्रपट, शिवरायांच्या आग्र्याहून सुटकेचा प्रसंग असे कोणतेही कथानक चालते. सांगणाऱ्याला क्रम, कारण आणि परिणाम यांची सवय लागते. पाहणाऱ्याला प्रश्न विचारावयास शिकता येते. गोष्ट झाल्यावर शिक्षकाने तिच्यातील चार-पाच वाक्ये मराठीत फळ्यावर लिहावीत. ज्या गोष्टीत मूल रमले आहे तिचे लिखित रूप ते अधिक आवडीने वाचते. हातांनी सांगितलेल्या कथेवरून लेखी मराठीकडे जाणारा हा पूल भक्कम ठरतो.

दुसरे भित्तिपत्रक मंडळ. हवामान, वसतिगृहातील बातम्या, सामन्यांचे निकाल, वर्तमानपत्रातील चित्रे व त्यांखाली मुलांनी लिहिलेला मजकूर, एवढ्यावर साप्ताहिक भित्तिपत्रक उभे राहते. वर्षाअखेरीस त्यांतील निवडक मजकुराचे हस्तलिखित करावे. व्याकरणाच्या चुका शिक्षकाने खाजगीत सुधाराव्यात. भिंतीवर लाल शाईच्या खुणा दिसू लागल्या, की लिहिणारे हात थांबतात.

तिसरे नाट्य व मूकाभिनय मंडळ. चेहरा, हात व शरीर यांनी अर्थ व्यक्त करणे हा या मुलांचा रोजचाच व्यवहार असल्यामुळे या कलेत त्यांची गती स्वाभाविक असते. गणेशोत्सव, शाळेचे संमेलन, ग्रामसभेचा एखादा कार्यक्रम या प्रसंगी त्यांना व्यासपीठ द्यावे. मात्र प्रेक्षकांसाठी मराठीत निवेदन करणारा एक जण असावा, म्हणजे कौतुक दयेपोटी न होता समजून केले जाईल.

चौथे विज्ञान व बाग मंडळ. पर्जन्यमापकाची रोजची नोंद, भाजीचे वाफे, गांडूळखत, पक्ष्यांचे निरीक्षण ही कामे डोळ्यांनी शिकावयाची आहेत. याखेरीज चित्रकला, रांगोळी, शिवण, बुद्धिबळ, कॅरम आणि छायाचित्रण यांचे लहान गट करता येतात. सांघिक शिस्तीसाठी स्काउट व गाइड पथक ही तर उत्तम योजना आहे, कारण तिच्यातील बरेचसे काम कृतीवर व इशाऱ्यांवर चालते.

दूरदर्शन संच बहुतेक वसतिगृहांत असतो, परंतु आवाज ऐकू न येणाऱ्यांसाठी तो पुष्कळदा हलती चित्रे दाखविण्यापलीकडे उपयोगी पडत नाही. ६ डिसेंबर २०२४ रोजी भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रशिक्षणासाठी पीएम ई-विद्या योजनेतील ३१ क्रमांकाची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. ती वसतिगृहात लावून घ्यावी. चित्रपट दाखविताना अक्षरपट्टी असलेलेच निवडावेत आणि मधूनमधून थांबवून कथाभागावर चर्चा करावी.

खेळाच्या मैदानावर

कर्णबधिर मुलांस खेळ शिकविण्यासाठी नवे खेळ शोधण्याची आवश्यकता नसते. जुन्याच खेळांत आवाजाच्या जागी नजर किंवा स्पर्श आणावा लागतो. खो-खोमध्ये पाठीवरील थाप स्पष्टपणे दिली, की ‘खो’ शब्दाची उणीव भासत नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम ऐकू येण्याचा प्रश्न उद्भवतो. तेथे चढाईची ३० सेकंदांची मर्यादा काटेकोर पाळावी व ती संपल्याची सूचना पंचाने हात किंवा निशाण उंचावून द्यावी. फुटबॉलमध्ये शिटीच्या जोडीला निशाण, धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाऐवजी दिवा किंवा रुमाल, एवढे बदल पुरतात.

लेझीम हा तर आपल्या मातीतील व्यायामप्रकार या मुलांना विशेष साधतो. पुढच्या गड्याच्या हालचालींकडे लक्ष ठेवून आणि ढोलाचा कंप छातीत व तळपायांत जाणवून घेऊन मुले ताल पकडतात. लाकडी मंचावर किंवा पोकळ फरशीवर हा कंप अधिक स्पष्टपणे पोहोचतो. संगीत या मुलांसाठी नाही, असे समजणे म्हणून बरोबर नव्हे.

खेळताना दक्षताही घ्यावी. कुस्ती, कबड्डी यांसारख्या अंगलगीच्या खेळांपूर्वी श्रवणयंत्रे काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवावीत. ज्या मुलांवर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना डोक्यावर आघात होऊ शकेल अशा खेळांत उतरविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. काही मुलांचा शरीराचा तोल सांभाळण्याचा भाग आतील कानाच्या दोषामुळे दुबळा असतो. त्यांना उंचावर चढण्याच्या व पाण्यातील खेळांत अधिक देखरेखीची गरज असते.

कर्णबधिरांच्या खेळांना आज शंभर वर्षांची परंपरा आहे. फ्रान्समधील यूजेन रुबेन्स-अल्काई यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९२४ मध्ये पॅरिस येथे कर्णबधिर खेळाडूंचे पहिले आंतरराष्ट्रीय सामने झाले. त्यात ९ देशांचे १४८ खेळाडू उतरले होते. हेच सामने आता डेफलिम्पिक या नावाने ओळखले जातात आणि २०२५ साली ते टोकियो येथे भरले. चांगल्या कानात किमान ५५ डेसिबल श्रवणदोष असलेल्या खेळाडूंनाच त्यांत प्रवेश मिळतो आणि स्पर्धेच्या वेळी कोणालाही श्रवणयंत्र लावता येत नाही. हरियाणातील मल्ल वीरेंद्र सिंह यांनी २००५ साली मेलबर्न येथे सुवर्णपदक मिळविले, पुढेही पदके जिंकली आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोल्फपटू दीक्षा डागर यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये भाग घेतला आणि मे २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या डेफलिम्पिकमध्ये सुवर्णपदक पटकाविले. त्या सामन्यांत भारताने ८ सुवर्णपदकांसह १६ पदके मिळविली. ही नावे व चित्रे प्रत्येक शाळेच्या क्रीडामंडळाच्या फलकावर असावीत. आपल्यासारखेच ऐकू न येणारे कोणी तरी एवढे पुढे गेले आहे, ही माहिती मुलाच्या मनावर मोठा परिणाम करते.

एक मनोरंजक आठवण येथे नोंदविण्यासारखी आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू प्रत्येक डावापूर्वी गोल कोंडाळे करून मसलत करतात. ही प्रथा १८९० च्या दशकात वॉशिंग्टन येथील गॅलोडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातील संघाने रूढ केली, असे सांगितले जाते. आपल्या खुणा प्रतिस्पर्ध्यांना वाचता येऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू होता.

जागा, उजेड आणि वेळ

मंडळे चांगली चालण्यासाठी तीन गोष्टींची तरतूद हवी. पहिली जागेची. बाकांच्या एकामागे एक रांगा असतील, तर मागच्या मुलाला पुढच्याचे हात व चेहरा दिसत नाही. म्हणून बैठक गोलाकार किंवा अर्धवर्तुळाकार असावी. बोलणाऱ्याच्या पाठीमागे उघडी खिडकी नसावी, कारण त्यामुळे त्याचा चेहरा काळवंडलेला दिसतो.

दुसरी उजेडाची. वीज गेली तर ऐकू येणारी मुले अंधारातही गप्पा मारू शकतात. कर्णबधिर मुलांसाठी अंधार पडताच संभाषण बंद होते आणि भीती सुरू होते. प्रत्येक शयनगृहात व सभागृहात सौर किंवा बॅटरीवर चालणारा दिवा असणे ही त्यांच्या बाबतीत चैन नसून प्राथमिक गरज आहे. सभागृहातील दिवा दोनदा उघड-मीट करणे ही लक्ष वेधण्याची रीत आहे. तीच रीत आगीच्या किंवा अन्य संकटाच्या इशाऱ्यासाठीही वेगळ्या पद्धतीने ठरवून तिचा सराव करून घ्यावा.

तिसरी तरतूद वेळेची. आठवड्यातील किमान दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ ही वेळापत्रकात मंडळांसाठी राखीव ठेवावी. जादा तास, राहिलेला अभ्यासक्रम किंवा साफसफाई यांसाठी ती परस्पर काढून घेऊ नये. खेळ बंद करणे ही शिक्षा म्हणून सर्रास वापरली जाते. ज्या मुलाला भाषेची सर्वांत अधिक गरज आहे, त्याचीच संगत त्यामुळे तुटते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

कारभार मुलांचाच असावा

मंडळाचा कारभार मोठ्यांनी चालविला, तर त्याचा निम्मा लाभ नाहीसा होतो. प्रत्येक मंडळाने अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार निवडावेत. चिन्हांच्या मतपत्रिका आणि पेटी यांच्या साहाय्याने निवडणूक घेतली, तर नागरिकशास्त्राचा धडा अनुभवाने शिकला जातो. चिटणिसाने सभेचे इतिवृत्त लिहावे, खजिनदाराने दहा-वीस रुपयांचा का होईना हिशेब ठेवावा. एका वेळी एकानेच बोलावे, बोलू इच्छिणाऱ्याने हात वर करून अध्यक्षाची परवानगी घ्यावी, मतभेद झाल्यास मत घ्यावे, पसंती दर्शविण्यासाठी दोन्ही हात उंचावून हलवावेत, हे नियम मुले चटकन आत्मसात करतात. मुलींना केवळ रांगोळी व शिवण आणि मुलांना केवळ मैदान, अशी वाटणी मात्र होऊ देऊ नये.

मार्गदर्शकांमध्ये किमान एक कर्णबधिर प्रौढ असावा. बहुतेक मुलांनी आपल्यासारखा कमावता, संसारी, आत्मविश्वासाने वावरणारा कर्णबधिर माणूस पाहिलेलाच नसतो. माजी विद्यार्थ्यांना महिन्यातून एकदा बोलाविल्यास ही उणीव विनाखर्च भरून निघते. वसतिगृहाचे अधीक्षक व काळजीवाहक यांनाही खुणांच्या भाषेचे प्रशिक्षण मिळणे तितकेच आवश्यक आहे. रात्री ताप आलेल्या मुलाची व्यथा समजून घेण्याचे काम त्यांच्यावरच येते. नवी दिल्ली येथील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना २०१५ साली झाली. या केंद्राने सिद्ध केलेल्या शब्दकोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत आणि तो प्रशिक्षणास उपयुक्त आहे.

या साऱ्याचा मुलांच्या सुरक्षिततेशीही निकटचा संबंध आहे. घरापासून दूर राहणारे आणि आपली तक्रार सांगू न शकणारे मूल अत्याचाराला सहज बळी पडू शकते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात, अपंगत्व असलेल्या मुलाचा जबाब नोंदविताना विशेष शिक्षकाचे किंवा त्याची संभाषणपद्धती जाणणाऱ्या व्यक्तीचे साहाय्य घेण्याची तरतूद आहे. परंतु जबाबाची वेळ येण्यापूर्वीच मुलाजवळ ‘नको’, ‘कोण’, ‘केव्हा’, ‘मला भीती वाटते’ हे सांगण्याची भाषा आणि ज्याला सांगावे असा विश्वासू माणूस असला पाहिजे. मंडळांच्या बैठकांत ही भाषा व हा विश्वास दोन्ही वाढीस लागतात.

काही शंका

खुणांच्या भाषेला उत्तेजन दिल्यास मुले बोलावयास शिकणार नाहीत, अशी शंका पालक व काही शिक्षकही व्यक्त करतात. श्रवणयंत्र, वाचा-उपचार आणि लेखन-वाचन यांचे महत्त्व कोणीही नाकारीत नाही. त्यांचे तास नियमाने झालेच पाहिजेत. परंतु मनात विचार मांडण्यास जिच्याजवळ एक पक्की भाषा आहे, त्या मुलीला दुसरी भाषा शिकणे सोपे जाते, हा अनुभव ऐकू येणाऱ्या मुलांच्या बाबतीतही आपण घेतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे देशभर प्रमाणीकरण करून तिच्यात अभ्याससाहित्य तयार करावे आणि जेथे शक्य व उचित असेल तेथे स्थानिक खुणांच्या भाषांचाही आदर राखून त्या शिकवाव्यात, असे म्हटले आहे. २०२१ साली राष्ट्रीय मुक्त शिक्षण संस्थेत माध्यमिक स्तरावर हा विषय उपलब्ध झाला.

दुसरी शंका अशी, की निवासी शाळेमुळे मूल समाजापासून तुटते. ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. चार भिंतींच्या आत कितीही उत्तम मंडळे चालली, तरी बाहेरच्या जगाशी संबंध आला नाही, तर शाळा सोडताना मूल बावरते. याउलट गावच्या सर्वसाधारण शाळेत एकटेच कर्णबधिर मूल बसत असेल, तर शेकडो मुलांच्या गर्दीतही ते एकाकी राहते. यावर उपाय दोन्ही बाजूंनी करावयाचा आहे. निवासी शाळेने शेजारच्या शाळेशी सामने, सहली व संयुक्त भित्तिपत्रक यांद्वारे संबंध जोडावा. सर्वसाधारण शाळांतील एकट्या कर्णबधिर मुलांना महिन्यातून एकदा जवळच्या निवासी शाळेच्या मंडळात सहभागी होण्याची सोय करावी.

कायद्याने दिलेला अधिकार

करमणूक ही मुलांवर केलेली मेहेरबानी नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने विश्रांती, खेळ व सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा बालकाचा हक्क मानला असून भारताने १९९२ साली ती संहिता स्वीकारली. आपल्या देशाच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २९ संस्कृती व मनोरंजन यांविषयी आहे. मनोरंजन केंद्रे व इतर सामुदायिक उपक्रमांना चालना देणे, तसेच स्काउटिंग, नृत्य, कलावर्ग, मैदानी शिबिरे व साहसी उपक्रम यांतील सहभाग सुकर करणे, अशी कर्तव्ये त्याने शासनावर सोपविली आहेत. कलम ३० क्रीडाविषयक आहे. शाळा-तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी या दोन कलमांच्या आधारे मंडळांचे वेळापत्रक, इतिवृत्ते व क्रीडासाहित्य यांची पाहणी आपल्या अहवालात समाविष्ट करण्यास कोणतीच अडचण नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग कार्यरत झाल्याने अशा सूचनांचा पाठपुरावाही सुलभ झाला आहे.

गावाची जबाबदारी

उन्हाळ्याची व दिवाळीची सुट्टी लागली, की निवासी शाळेतील मूल घरी जाते. ज्या मुलाने शाळेत सभेचे अध्यक्षस्थान भूषविले, तेच मूल घरच्या पंगतीत मुकाट बसून राहते, कारण तेथे त्याच्याशी बोलणारे कोणी नसते. चुलत भावंडे हसतात आणि ते उगाच हसण्यात सामील होते. सुट्टीचे दोन महिने अशा रीतीने निघून जातात. येथे पंचायत सदस्य व गावातील शिक्षक यांचे काम सुरू होते.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावयाची असते. ती वर्षाअखेरीस घाईने खर्ची टाकण्याऐवजी तिचा काही भाग सुट्टीतील उपक्रमासाठी योजता येईल. परिसरातील कर्णबधिर मुले, त्यांची भावंडे व पालक यांचे आठवडाभराचे शिबिर भरवून त्यात रोजच्या व्यवहारातील शे-दोनशे खुणा शिकवाव्यात आणि शिकविण्याचे काम मुलांकडेच द्यावे. नेहमी शिकणाऱ्याच्या जागी बसणारे मूल एकदा शिकविणाऱ्याच्या जागी बसले, की गावाची त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटते. गावच्या वाचनालयात सचित्र पुस्तके ठेवणे, तालीम व मैदान या मुलांना मोकळे करणे, गावच्या संघात त्यांना खेळविणे ही कामे तर खर्चाशिवायच होण्यासारखी आहेत. २३ सप्टेंबर हा दिवस २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी गावच्या शाळेत निवासी शाळेच्या मंडळाचा कार्यक्रम ठेवता येईल.

याहूनही आधीचे एक कर्तव्य आहे. हाक मारल्यावर न वळणारे, वर्ष-दीड वर्षाचे होऊनही एकही शब्द न बोलणारे मूल गावात असेल, तर अंगणवाडी सेविकेच्या मदतीने त्याची श्रवणतपासणी तत्काळ करवून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोषाची तपासणी समाविष्ट आहे. जितक्या लवकर निदान होईल, तितक्या लवकर त्या मुलाला भाषा मिळेल आणि शाळेच्या मंडळात ते रिकाम्या हातांनी येणार नाही.

निवासी शाळेचे मोजमाप करताना इमारत, निकाल व उपस्थिती यांच्या जोडीला आणखी काही प्रश्न विचारले जावेत. मुलांना संध्याकाळी एकमेकांशी मोकळेपणाने बोलण्यास वेळ, जागा व उजेड मिळतो काय? त्यांची स्वतःची मंडळे आहेत काय आणि ती तेच चालवितात काय? त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा एक तरी प्रौढ माणूस रात्री वसतिगृहात असतो काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर शाळेतून बाहेर पडणारा विद्यार्थी प्रमाणपत्राबरोबरच स्वतःचे म्हणणे मांडण्याचे आणि चारचौघांना बरोबर घेऊन काम करण्याचे सामर्थ्य घेऊन गावी परतेल. त्या सामर्थ्याचा उपयोग गावानेही करून घ्यावयास हवा.